न लिहिलेली पंचवीस वर्षे

१९३४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘डिस्क्रीट सीरीज’ नावाचा एक छोटेखानी कवितासंग्रह निघाला. कवी जॉर्ज ऑपन तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. प्रस्तावना एझ्रा पाउंडची होती आणि ‘पोएट्री’ मासिकात पुस्तकावर लिहिले ते विल्यम कार्लोस विल्यम्सने. पहिल्याच पुस्तकाला असे दोन पाठीराखे मिळालेला कवी पुढे काय लिहितो याकडे जाणत्यांचे लक्ष असणारच. ऑपनने पुढे काहीच लिहिले नाही. १९५८ पर्यंत त्याच्या हातून एकही कविता उतरली नाही. दुसरा संग्रह आला तो १९६२ मध्ये, आणि १९६९ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्याला कवितेसाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

या मधल्या काळाची गोष्ट सहसा दोन प्रकारे सांगितली जाते. पहिल्या प्रकारात ती शोकांतिका असते: एका गुणी कवीला कम्युनिस्ट पक्षाने गिळून टाकले. दुसऱ्या प्रकारात ती संतकथा होते: गरिबांसाठी त्याने कलेवर तुळशीपत्र ठेवले. मला दोन्ही सांगणी अपुरी वाटतात. पहिल्यात ऑपनला स्वतःची बुद्धीच उरत नाही आणि दुसऱ्यात त्याच्या न लिहिण्याला भलतेच तेज चढते. त्याचे मौन त्याहून अवघड होते, आणि ते एकसंध नव्हते. एका मौनात तीन वेगवेगळी मौने होती. ती सुटी करून पाहिली, तर कविता काय करू शकते आणि काय करू शकत नाही, या जुन्या प्रश्नावर त्याचे आयुष्य अनेक सिद्धांतांपेक्षा अधिक प्रकाश टाकते.

ऑपनचा जन्म १९०८ चा, न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलचा. घर सधन ज्यू व्यापाऱ्याचे. तो चार वर्षांचा असताना आईने आत्महत्या केली. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले आणि कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला गेले. शाळकरी वयात तो चालवत असलेल्या मोटारीला अपघात होऊन एकाचा जीव गेला. पैसा होता, पण घर सुखाचे नव्हते. १९२६ मध्ये ऑरेगन राज्यातल्या कॉर्व्हालिसच्या कॉलेजात त्याला मेरी कोल्बी भेटली. दोघे एक रात्र बाहेर राहिले, म्हणून कॉलेजने मेरीला काढून टाकले आणि जॉर्जला निलंबित केले. दोघांनी कॉलेजही सोडले, गावही सोडले. वाटेत भेटेल त्या मोटारीला हात करत ते देशभर हिंडले आणि १९२७ मध्ये टेक्सासात त्यांनी लग्न केले. त्यानंतरची सत्तावन्न वर्षे त्यांनी एकत्र काढली. म्हणून यापुढे ‘ऑपनने ठरवले’ असे जिथे येईल तिथे ‘दोघांनी ठरवले’ असे वाचावे. मेरीचे ‘मीनिंग अ लाइफ’ हे आत्मकथन १९७८ मध्ये आले. या दोघांच्या आयुष्याबद्दल आज आपल्याला जे कळते त्यातले पुष्कळसे त्या पुस्तकामुळे.

न्यूयॉर्कला आल्यावर ऑपनची गाठ लुई झुकॉफस्की आणि चार्ल्स रेझ्निकॉफ या कवींशी पडली. १९३१ च्या फेब्रुवारीत झुकॉफस्कीने ‘पोएट्री’चा एक विशेष अंक संपादित केला आणि त्यातून या मंडळींना ‘ऑब्जेक्टिव्हिस्ट’ हे नाव चिकटले. त्यांचा आग्रह साधा होता. कविता ही सुताराने केलेल्या खुर्चीसारखी नीट सांधलेली वस्तू असावी, आणि कवीने जे खरोखर पाहिले तेवढेच तिच्यात असावे. न पाहिलेल्याचे, न भोगलेल्याचे उसने उमाळे तिच्यात नकोत. ऑपनने वारशातल्या पैशांतून फ्रान्समध्ये राहून ‘टू पब्लिशर्स’ नावाची छोटी प्रकाशनसंस्था काढली आणि पाउंड, विल्यम्स व या नव्या कवींची पुस्तके छापली. प्रामाणिकपणाचा हा निकष त्याने पंचविशीत स्वीकारला होता. त्याचे पुढचे मौन समजून घ्यायचे तर हे लक्षात ठेवावे लागते, कारण ते मौन याच निकषातून आले.

१९३३ मध्ये ऑपन दांपत्य फ्रान्सहून परतले तेव्हा महामंदी ऐन भरात होती. काम करू शकणाऱ्या दर चार अमेरिकनांपैकी सुमारे एक जण बेकार होता. भाडे थकले म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे सामानासकट रस्त्यावर काढली जात होती. १९३५ मध्ये दोघे कम्युनिस्ट पक्षात गेले. ब्रुकलिनमध्ये त्यांनी बेकारांची संघटना बांधायला घेतली. घराबाहेर काढलेल्यांचे सामान शेजाऱ्यांना हाताशी धरून पुन्हा घरात नेऊन ठेवायचे, मदत कार्यालयावर माणसे घेऊन धडकायचे, दार ठोठावून सह्या गोळा करायच्या, असे ते काम होते. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाच्या भागात दूध उत्पादक शेतकऱ्यांच्या संपातही ते होते. या कामात पोलीस आले, अटक आली. कविता मात्र थांबली.

पक्षाला कवी नको होते असे मुळीच नाही. त्या काळात ‘न्यू मासेस’सारखी डावी नियतकालिके जोरात होती आणि कामगारांसाठी लिहिणाऱ्यांना मागणी होती. ऑपनने शब्दांची थोडी सवलत घेतली असती, तर त्याला व्यासपीठ आणि टाळ्या दोन्ही मिळाल्या असत्या. पण घोषणेला यमक जुळवून तिला कविता म्हणणे त्याला जमणारे नव्हते, आणि बेकारांच्या रांगेकडे पाहून सुबक कविता लिहायची व आपण काहीतरी केले असे मानायचे, हेही जमणारे नव्हते. १९६३ मध्ये ‘द माइंड्स ओन प्लेस’ या निबंधात त्याने आपली भूमिका मांडली. तिचा आशय असा: काही प्रसंग असे असतात की ज्यांना कलेने प्रामाणिकपणे तोंड देता येत नाही, आणि शेजारचे घर जळत असताना कुणी फिडल वाजवत बसण्याची गरज नाही.

या म्हणण्यातली अट महत्त्वाची आहे. फिडल वाजवणे वाईट, असे तो म्हणत नाही. आग लागली आहे तेव्हा फिडलच्या सुरांनाच पाणी म्हणू नका, एवढेच त्याचे म्हणणे. कवितेकडून भलते काम करून घ्यायचे त्याने नाकारले, आणि ते काम कवितेवर ढकलून स्वतः मोकळे व्हायचेही नाकारले. त्याने जे हातांचे काम होते ते हातांना दिले. हे त्याचे पहिले मौन. त्यात मला कवितेचा अनादर दिसत नाही, उलट तिच्याबद्दलचा मोठा आदर दिसतो. कविता खोटी करायची नाही म्हणून तो कवितेशिवाय राहिला.

याची किंमत कळायला त्याच्या पहिल्या प्रस्तावनाकाराकडे पाहावे. त्याच दशकात एझ्रा पाउंडही राजकारणाने झपाटला होता. त्याने मात्र शब्द थांबवले नाहीत. १९४१ पासून रोमच्या रेडिओवरून तो मुसोलिनीच्या बाजूने आणि ज्यूंविरुद्ध बोलत राहिला. १९४३ मध्ये अमेरिकेत त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवला गेला आणि १९४५ मध्ये त्याला अटक झाली. आपल्या कानाच्या तयारीवर, भाषेवरच्या हुकमतीवर पाउंडचा इतका विश्वास होता की जगाच्या अर्थकारणाबद्दल आणि माणसांच्या वंशांबद्दलही आपण बोलू तेच खरे, असे त्याला वाटले. प्रतिभा मोठी असली म्हणून ती माणसाला वाचवत नाही. कधी कधी तीच त्याला फसवते. ऑपनला हा मोह झाला नाही. कविता लिहिता येते म्हणून आपल्याला न्याय कळतो असे तो धरून चालला नाही. न्याय काय असतो ते कळण्यासाठी तो जिने चढून दारोदार गेला.

मराठी वाचकाला इथे एक हरकत सुचेल आणि ती योग्य आहे. त्याच जागतिक कम्युनिस्ट चळवळीच्या मुंबईतल्या शाखेने अगदी उलट उत्तर दिले होते. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि पोवाडा, लावणी, लोकनाट्य घेऊन ते गिरणगावात आणि खेड्यापाड्यांत गेले. तिथे कलेमुळे कृती थांबली नाही, उलट कलेने माणसे जमवली. मग ऑपन चुकला का? मला वाटते, फरक परंपरेचा आहे. शाहिराचा फड मुळातच चौकातला होता. ऐकणारे समोर होते, त्यांना ते रूप ओळखीचे होते आणि गाणारे त्याच वस्तीतले होते. ऑपनच्या हातात जी कविता होती ती शांतपणे, एकट्याने, दोनतीनदा वाचायची कविता होती. तिला ओढून चौकात आणले असते तर चौकाचे काहीच भले झाले नसते आणि कविताही मोडली असती. दोन्हीकडे निकष एकच लागू पडतो: आपल्याजवळचे साधन खरोखर कशासाठी आहे हे ओळखणे. अण्णा भाऊंनी ते ओळखले म्हणून गायले. ऑपनने ते ओळखले म्हणून तो गप्प राहिला.

या मौनाला दोन बाजूंनी प्रश्न विचारायलाच हवेत. पहिला प्रश्न सवलतीचा. कला सोडून चळवळीत जाण्याची निवड करता येणे हेही एक सुदैव आहे. ब्रुकलिनमध्ये ज्यांचे सामान रस्त्यावर पडले होते त्यांच्यापुढे असली निवड नव्हतीच. दुसरा प्रश्न अधिक टोचणारा. ऑपन पक्षाचे काम करत होता त्याच वर्षांत, १९३६ ते १९३८ मध्ये, मॉस्कोत स्टालिनचे कुप्रसिद्ध खटले चालले आणि निरपराध माणसे मारली गेली. कविता न लिहिल्यामुळे पक्षाची आरती ओवाळण्याच्या पापातून तो सुटला हे खरे. पण जिथे तो मोकळेपणाने शंका घेऊ शकला असता ती जागाही त्याने स्वतःच बंद करून टाकली होती. मौनात खोटे बोलावे लागत नाही, तसे खरेही बोलावे लागत नाही. हे उणे त्याच्या हिशेबात मांडल्याशिवाय त्याच्याबद्दलचा आदर पुरा होत नाही.

दुसरे मौन युद्धाचे. दुसऱ्या महायुद्धात तो विमानांच्या कारखान्यात कुशल कारागीर होता आणि त्या कामामुळे त्याला सैन्यभरतीतून सूट होती. ज्यू म्हणून, फॅसिझमचा विरोधक म्हणून, आपण मागे राहणे त्याला पटेना. १९४२ मध्ये जागा बदलून त्याने ती सूट गमावली आणि भरतीचा हुकूम ओढवून घेतला. तेव्हा तो चौतिशीत होता, घरात लहान मुलगी होती. १०३ व्या पायदळ डिव्हिजनमधून तो फ्रान्समध्ये उतरला आणि युद्ध संपायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, एप्रिल १९४५ मध्ये, जर्मनीत तोफगोळ्याने गंभीर जखमी झाला. ज्या खड्ड्यात त्याने आसरा घेतला होता त्यात त्याच्याबरोबरचे दोघे मेले. तो वाचला.

खड्ड्यात अडकून पडलेल्या त्या तासांबद्दल त्याने नंतर एक गोष्ट सांगितली आहे. त्याच्या डोक्यात कविता फिरत होत्या. सोळाव्या शतकातल्या टॉमस वायटच्या, आणि मित्र रेझ्निकॉफची ढिगाऱ्यातल्या एका तुळईवरची चिमुकली कविता. दहा वर्षे ज्याने कवितेला हात लावला नव्हता, त्याला मृत्यूच्या दारात कवितेनेच धरून ठेवले. इथे मला पहिल्या मौनाची दुसरी बाजू दिसते. शेजारचे घर जळताना कविता पाणी होऊ शकत नाही, पण आग लागलेल्या घरात जो अडकला आहे त्याला ती सोबत करू शकते. ती सोबत देणाऱ्या ओळी कुणीतरी आधी, निवांतपणे, खऱ्या करून ठेवलेल्या असाव्या लागतात. रेझ्निकॉफ ती कविता लिहिताना कुठल्याही सैनिकाचा विचार करत नसेल. म्हणूनच ती त्या सैनिकाच्या उपयोगी पडली. एवढे उमगूनही ऑपन लगेच लिहू लागला नाही. आपण वाचलो आणि ते दोघे मेले, ही टोचणी कित्येक वर्षे त्याला सोडत नव्हती. काही गोष्टी इतक्या ताज्या असतात की त्यांच्यावर लिहिणे म्हणजे त्यांचा उपयोग करून घेणे ठरते.

तिसरे मौन सर्वांत वाईट. युद्धानंतर तो कॅलिफोर्नियात घरे बांधण्याची, सुतारकामाची कामे करत होता. १९४९ मध्ये एफबीआयचे लोक दारात आले. पक्षातले जुने सहकारी कोण, नावे काय, हे त्यांना हवे होते. नावे सांगायची नाहीत आणि तुरुंगातही जायचे नाही, तर देश सोडणे हाच मार्ग होता. १९५० मध्ये कुटुंब मेक्सिको सिटीला गेले. युद्धात जखमी झाल्याबद्दल ‘पर्पल हार्ट’ पदक मिळालेला सैनिक स्वतःच्या देशात राहू शकत नव्हता. तिथे त्याने भागीदारीत लाकडी फर्निचरचा कारखाना चालवला. राजकारण करणे परदेशी माणसाला शक्य नव्हते, परतणे शक्य नव्हते, पाळत सुटत नव्हती. पहिल्या मौनात कृती होती, दुसऱ्यात दुःख होते. या तिसऱ्यात केवळ दिवस ढकलणे होते. कवितेच्या जागी आता काहीच उभे नव्हते. ज्या कारणासाठी त्याने लिहिणे थांबवले होते ते कारणच संपले होते आणि मौन मात्र सवयीने चालू होते.

यातून तो बाहेर आला त्याची हकीकत त्याने स्वतः सांगितलेली आहे. त्याला स्वप्न पडले की तो वडिलांचे कागद चाळतो आहे आणि त्यात तांब्याला गंज चढू नये म्हणून काय करावे याची टिपणे आहेत. तांबे लोखंडासारखे गंजत नाही, म्हणून त्याला त्या स्वप्नाचे हसू आले. त्याने ते मानसोपचारकाला सांगितले, तेव्हा त्याने मात्र अर्थ सांगितला: तुम्हाला गंजायचे नाही. तो घरी गेला आणि लिहायला बसला. हे १९५८ साल. त्याच वर्षी दोघांना पासपोर्ट मिळाले आणि काही काळाने ते ब्रुकलिनला परतले, पंचवीस वर्षांपूर्वी जिथे त्यांनी दारे ठोठावली होती त्याच शहरात. ‘द मटीरियल्स’ १९६२ मध्ये आले, ‘धिस इन विच’ १९६५ मध्ये. समीक्षक ह्यू केनरने त्याला सांगितले की थोडक्यात म्हणजे पुढची कविता लिहायला तुम्हाला पंचवीस वर्षे लागली. ऑपनला हे फार आवडले होते. त्यात गमावल्याचा सूर नव्हता.

केनरचे म्हणणे किती खरे होते ते १९६८ च्या ‘ऑफ बीइंग न्यूमरस’ या चाळीस भागांच्या दीर्घ कवितेतून दिसते. तिचा विषय शहर आणि माणसांचे ‘अनेक’ असणे. बेटावरच्या एकट्या क्रूसोची आठवण तिच्यात येते, न्यूयॉर्कच्या भिंती आणि विटा येतात, त्याच्याबरोबरचे सैनिक येतात, आणि व्हिएतनामवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरांमुळे विषारी झालेली त्या वर्षांची हवा येते. आपण एकटे नसून अनेक आहोत असे आपण म्हणतो, ते खरे मानून जगता येईल का, हा तिचा प्रश्न. हा प्रश्न पुस्तकातून सुचणारा नाही. चळवळीत त्याने ‘आपण’ हा शब्द हजारदा उच्चारला होता आणि त्याचे बळ अनुभवले होते. खड्ड्यात त्याला कळले होते की ‘आपण’मधला एकेक जण आपापल्या मृत्यूत एकटाच जातो. परागंदा असताना ‘आपण’मधून बाहेर फेकले जाणे काय असते तेही कळले. या तिन्ही अनुभवांपैकी एकाचाच कैवार घेऊन कविता उभी राहत नाही. ती समूहाचा जयजयकार करत नाही आणि एकट्या प्रतिभावंताचेही कौतुक करत नाही. दोन्ही बाजू तपासत, थांबत, स्वतःचेच वाक्य मध्ये सोडून पुन्हा सुरुवात करत ती पुढे जाते. मौनाची पंचवीस वर्षे तिच्या ओळींमधल्या मोकळ्या जागांत आहेत असे वाचताना जाणवते.

त्याची लिहिण्याची रीतही हातकाम करणाऱ्याची होती. ओळ बदलायची असली की नवी ओळ कागदाच्या पट्टीवर टाइप करून तो जुनीवर चिकटवी. पुन्हा बदलली की पुन्हा पट्टी. हस्तलिखितांवर असे थरावर थर साचत. शेवटच्या वर्षांत अल्झायमरने त्याला घेरले, तेव्हा ‘प्रिमिटिव्ह’ हा १९७८ चा शेवटचा संग्रह पुरा करायला मेरी मदतीला होती. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात तो गेला. तोवर तरुण कवींची एक अख्खी पिढी त्याच्याकडे पाहून शब्द जपून वापरायला शिकली होती.

आज ऑपन मला फार निकडीचा वाटतो. दुष्काळ, दंगल, बॉम्बहल्ला, बलात्कार, काहीही घडले तरी तासाभरात आपल्या हातातल्या फोनवर त्यावर कविता येते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. वाचणारा हळहळतो, पुढे पाठवतो आणि दोघांनाही आपण काही केल्याचे समाधान मिळते. ज्याचे घर जळले त्याच्यापर्यंत त्यातले काहीच पोचत नाही. ऑपन या समाधानाचा शत्रू होता. त्याने प्रत्येक लिहिणाऱ्यापुढे दोन प्रश्न ठेवले आहेत. या क्षणी इथे शब्द हवे आहेत की हात? आणि हात हवे असतील, तर मी ते देतो आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्यावरची आपली सगळी वाक्ये पोकळ होतात.

पण त्याच्या आयुष्यातून फक्त गप्प राहण्याचा धडा घेणे हाही अन्यायच. तो परतला, आणि परतणे हे थांबण्याइतकेच धैर्याचे होते. पन्नाशीत, वाचक नसताना, विसरले गेल्यावर, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायला अहंकार बाजूला ठेवावा लागतो. चळवळीने जे करता येते ते केले, पण माणसे एकमेकांची कशी होतात, का होत नाहीत, या प्रश्नावर मोर्चात विचार करता येत नाही. तिथे घोषणा लागते. तो विचार सावकाश करायची जागा कविता आहे, आणि ती जागा राखणे हेही समाजाचेच काम आहे. लेखकाचे मोठेपण आपण पुस्तकांच्या संख्येवर मोजतो, त्याच्या लिहिण्यात खंड पडला की हळहळतो. ऑपनकडे पाहून मला वाटते, लेखकाला आपण निदान एवढा अधिकार द्यावा की त्याने न लिहिलेल्या वर्षांचाही हिशेब त्याच्या कामात धरावा. मात्र ती वर्षे त्याने कुठे, कुणाबरोबर आणि काय करत घालवली, हे विचारायचा अधिकार आपणही सोडू नये.